मारुती डायपर घालत नाही

जानेवारीत शाळेचा फॉर्म घरी आणला. जन्मतारीख, रक्तगट, मातृभाषा, आईवडिलांचं उत्पन्न असं सगळं झाल्यावर तिसऱ्या पानावर एक ओळ होती: 'पाल्य टॉयलेट ट्रेन्ड आहे का? हो / नाही.' बाकीचा फॉर्म मी दहा मिनिटांत भरला. त्या दोन चौकोनांपाशी दोन दिवस अडकले.

ईशान, घरात ईशू, तेव्हा दोन वर्षं चार महिन्यांचा होता. (नावातच 'शू' आहे, त्याला काय शिकवायचंय, हा माझ्या भावाचा विनोद. त्याचं अजून लग्न व्हायचंय.) शाळेत फोन करून विचारलं, तर बाई गोड आवाजात म्हणाल्या, "डायपर लावलेलं मूल आम्ही घेत नाही, पण जूनपर्यंत वेळ आहे ना तुम्हाला." मी 'हो'वर टिक केली. साफ खोटी.

हे लिहायचं कारण असं, की त्या दिवसांत रात्री दोन वाजता मोबाइलवर मी जे जे वाचलं, त्यात सगळ्यांचं काम तीन दिवसांत फत्ते झालेलं होतं. आमचे सात महिने गेले आणि रात्रीचं अजून बाकी आहे.

फॉर्मचं आधी संपवते. फी ५०० रुपये. सोबत जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, चार फोटो आणि समग्र आयडी. मध्य प्रदेशाबाहेरच्यांसाठी सांगते: समग्र म्हणजे राज्य सरकारच्या नोंदणीतला कुटुंबाचा आठ आकडी आणि घरातल्या प्रत्येकाचा नऊ आकडी नंबर, आणि शाळा तो मागतात. ईशूचं नाव आम्ही त्यात घातलेलंच नव्हतं. शिवाय जन्मदाखल्यावर माझ्या नावाचं स्पेलिंग एक आणि आधारवर दुसरं, ही चूकही आमचीच. दोन फेऱ्या आणि नऊ दिवस लागले. पुढच्या वर्षी ज्यांची मुलं शाळेत जाणार आहेत त्यांनी हे आत्ताच करून ठेवा. डायपरपेक्षा सोपं आहे.

आता कबुली. डायपर ईशूपेक्षा मला जास्त हवा होता. मी घरून हिशेबाचं काम करते. सकाळी अकराच्या कॉलला तो शेजारी ठोकळे घेऊन बसला की पुढचा दीड तास माझा. रात्री उठायला नको, कुणाकडे सोफ्यावर बसताना धाकधूक नको. महिन्याला अठराशे रुपये जायचे (एक साधारण चौदा रुपयांना, दिवसाला चार-पाच), तेही मी बिनतक्रार देत होते. लाज वाटायची ती सकाळी कचरागाडी आली की. इंदूरला कचरा सहा प्रकारांत वेगळा करून द्यायचा असतो आणि त्यात डायपर-पॅडचा कप्पा स्वतंत्र. शेजारच्या घरांतून त्या कप्प्यात कधीमधी एखादी पुडी पडायची, आमच्याकडून रोज वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पाच. एकदा हिशेब मांडला, तर जन्मापासूनचे चार हजारांच्या वर भरले. तेही २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या शहरात.

सासूबाईंना हे डायपर प्रकरण कधीच पटलेलं नव्हतं. "अगं, तुझा नवरा वर्षाचा व्हायच्या आत सांगायला लागला होता. पायांवर धरायचं, शूऽऽ करायचं, की झालं." हे वाक्य मी दोन वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांनी 'अगं' म्हटलं की पुढचं मला पाठ.

पहिला प्रयत्न शनिवारी, १८ जानेवारीला. तीन दिवसांची पद्धत: डायपर काढून टाकायचा, नुसती चड्डी, दर वीस मिनिटांनी पॉटवर बसवायचं, झाली की टाळ्या. पहिली चूक म्हणजे महिना. जानेवारीत आमच्या सुदामा नगरच्या घरातली कोटा फरशी सकाळी पाय ठेवू देत नाही. दुसरी चूक पाण्याची. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो, आणि मी सुरुवात केली ती बिननळाच्या दिवशी. सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून घाट चढून आलेलं नर्मदेचं साठवलेलं पाणी मी दुपारी चारपर्यंत चड्ड्यांवर संपवलं. पहिल्या दिवशी अकरा चड्ड्या, दुसऱ्या दिवशी नऊ. वाळत एकही नाही. शेवटी इस्त्री फिरवली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पॉटवर दहा मिनिटं बसून काहीच झालं नाही, म्हणून त्याला उठवलं. दोन मिनिटांत त्याने देवघरासमोर उभ्या उभ्या केली. मी ओरडले. "कळत नाही का रे तुला!" शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. तो रडला नाही. खाली ओल्या चड्डीकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी ती हळूहळू वर ओढली, पार बेंबीच्या वर, आणि शर्ट त्याच्यावर ओढून घेतला. मग माझ्याकडे बघितलं. मी पुसायचं फडकं आणायला आत गेले आणि जरा वेळ तिथेच उभी राहिले.

त्यानंतर चार दिवस त्याने शी केली नाही. पडद्यामागे जायचा, टाचा उंच करायचा, पाय आवळायचा, तोंड लाल. मला वाटायचं जोर करतोय. शुक्रवारी डॉक्टरांकडे गेलो. दीड तास नंबर, ६०० रुपये फी. मी वर्णन करत असतानाच त्यांनी थांबवलं. "बच्चा कर नहीं रहा, रोक रहा है." मग कागदावर दोन फुगे काढून दाखवले. मागचा फुगा घट्ट भरला की शेजारचा दबतो, म्हणून शूही निसटते. म्हणजे आधी शी मऊ व्हायला हवी, बाकीचं नंतर. डायपर परत लावा, दोन महिने विषयसुद्धा काढू नका. त्यांनी एक गोड पातळ औषध लिहून दिलं आणि दूध किती पितो ते विचारलं. दिवसाला चार बाटल्या, मी जरा अभिमानानेच सांगितलं. ते दोनवर आणायला सांगितलं, वर पाणी, पपई, भिजवलेल्या मनुका. निघताना मी विचारलं, उशीर तर झाला नाही ना? म्हणाले, दीड ते तीन वर्षं हा सगळा काळ ठीकच, मुलगे बऱ्याचदा मुलींपेक्षा मागे असतात, आणि रात्रीचं गणितच वेगळं, पाच वर्षांपर्यंत त्याला आजार म्हणत नाहीत.

येताना मेडिकलमधून डायपरचा मोठा पॅक घेतला. मला इतकं हलकं वाटलं, की नवऱ्याने विचारलं, "डॉक्टर एवढं काय म्हणाले?"

फेब्रुवारी तसाच गेला. औषधाने आठ-दहा दिवसांत पोट मोकळं व्हायला लागलं. १९ मार्चला रंगपंचमी. आमच्याकडे गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, बघायला देवासहून, उज्जैनहून नातेवाईक येतात, राजवाड्यावरून रंगून आले की सगळे जेवायला घरीच. त्या दिवशी किमान पाच बायकांनी ईशूचा डायपर चाचपून "अजून?" असं विचारलं. मी हसत राहिले. रात्री गच्चीत वाळलेले कपडे घड्या घालताना सासूबाई आपणहून बोलायला लागल्या.

"रोज अठरा-वीस लंगोट असायचे. रामबागेतल्या वाड्यात सहा बिऱ्हाडांत एक नळ. पावसाळ्यात शेगडीवर टोपली उपडी घालून त्यावर वाळवायचे, धुराचा वास यायचा त्यांना." थोडा वेळ गेला. "एकदा याला चापट मारली होती मी. नऊ महिन्यांचा होता. नुकतीच दुपटी बदलली होती आणि परत केली. रात्रभर झोप आली नाही मला."

"आई, तुम्ही हे कधी बोलला नाहीत."

"हे कोण सांगतं? वर्षाच्या आत सांगायला लागला, तेवढंच सांगायचं असतं."

पायांवर धरण्यात खोटं काही नाही. दिवसभर कुणीतरी बाळाच्या तोंडाकडे बघत असेल तर वेळ पकडता येते, आणि लंगोट ओला झाला की बाळालाही कळतं. डायपरमध्ये ते कळतच नाही, त्याचं सगळं कौशल्य त्यातच आहे. फक्त ते दिवसभर बघणारं माणूस कोण, आणि त्याच्या हातांचं काय झालं, हे त्या गोष्टीत येत नाही. त्या रात्रीनंतर सासूबाईंनी ते वाक्य म्हटलेलं मी ऐकलं नाही.

एप्रिल लागला तशा काही गोष्टी दिसायला लागल्या. दुपारच्या झोपेनंतर डायपर कोरडा. करून झाल्यावर "शू झाली" अशी बातमी. पँट स्वतः खाली ओढता येणं. मला हे सगळं दिसत होतं आणि मी ते कुणाला सांगत नव्हते. मार्चअखेरचं काम संपत आलं होतं, जरा श्वास घ्यायला मिळत होता, परत ते फडकं आणि ती बादली नको वाटत होती.

शनिवारी, १२ एप्रिलला हनुमान जयंती होती. आबा, म्हणजे सासरे, ईशूला कडेवर घेऊन कॅलेंडरवरचा मारुती दाखवत होते.

"आबा, मारुतीने काय घातलंय?"

"लंगोट."

"डायपर?"

"नाही रे, मारुती डायपर घालत नाही."

ईशूने बराच वेळ चित्र बघितलं. "मग त्याला शू आली तर?"

"सांगतो तो."

"कुणाला?"

इथे आबा जरा अडले. "रामाला," म्हणाले.

रविवारी सकाळी मी डायपर उघडून हातात धरला, तर पाय झाडत पळाला. "मी मारुती!" झालं. तारीख त्याने ठरवली. त्यातल्या त्यात नळाचा दिवस होता.

खर्च सांगते, कारण दुकानात आमच्यासारखाच गोंधळ होईल. साधा प्लास्टिकचा पॉट ४५० रुपये, हा उपयोगी. कमोडवर बसवायची छोटी सीट ३५०, ही वाया. ती सरकायची, पाय लोंबकळायचे, तो घाबरून माझ्या गळ्याला लटकायचा. पाय टेकलेले हवेत आणि गुडघे जरा वर, उकिडवं बसल्यासारखं, तर शी सोपी होते. म्हणून मी आधी पायाखाली पाट ठेवला, त्यावर सासूबाई: "जेवायचा पाट संडासात?" मग १८० रुपयांचं प्लास्टिकचं स्टूल आलं. सुती चड्ड्या बारा, ७२० रुपये. गादीवर घालायला मेणकापड २४०. एकूण १,९४०, म्हणजे साधारण महिनाभराचे डायपर. कामवाल्या ताईंनी फरशी दोनदा पुसायचे महिन्याला ३०० जास्त मागितले, ते रास्तच होते.

या वेळी टाळ्या नाहीत, घड्याळ नाही. "शू आली का?" हे विचारणं मी पहिल्याच दिवशी बंद केलं, कारण उत्तर कायम "नाही" आणि मग पाच मिनिटांत तळं. त्याऐवजी "चल, अंघोळीआधी बसू", "चल, खाली जायच्या आधी बसू". खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी पोट आपोआप हलतं, म्हणून सकाळी पोहे झाले की बसवायचं, पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. बटणाच्या पँटी आणि डंगरी कपाटाच्या वरच्या कप्प्यात. पहिल्या दिवशी सहा चड्ड्या, मग पाच, तीन, दोन. पाचव्या दिवशी परत आठ, कारण आबांनी अर्धं कलिंगड खाऊ घातलं होतं. दहाव्या दिवसापर्यंत रोज एखाददुसरी. नऊ महिने उन्हाळ्याला शिव्या देणारी मी, त्या एप्रिलच्या उन्हाचे आभार मानत होते. चड्डी वीस मिनिटांत कडक.

शूचं असं झालं. शीचं वेगळं. "शी आली, डायपर दे," म्हणायचा. दिला की पडद्यामागे जाऊन करायचा, परत चड्डी घालायचा. मला हा हट्ट वाटला. डॉक्टरांना फोन केला, तर म्हणाले, द्या, रोखून धरण्यापेक्षा हजारपट बरं, फक्त जागा बदला. म्हणून पहिला आठवडा डायपर घालून, पण बाथरूममध्ये. मग डायपर घालून पॉटवर बसून. मग नुसता पॉटवर, डायपर पॉटच्या आत पसरलेला. हे शेवटचं मीच जोडलं. रविवारी, ४ मेला पहिल्यांदा झालं. बाथरूमच्या दारात आम्ही चार मोठी माणसं उभी, कुणी काही बोलेना. मी पॉट उचलून कमोडमध्ये ओतला, फ्लश ओढला, आणि ईशूने भोकाड पसरलं.

"माझी होती ती!"

नवरा हसायला लागला, मला हसू आलं नाही. दिवसभर सगळे जे मागत होते ते शेवटी त्याने दिलं, आणि आम्ही ते आवाज करून पाण्यात सोडलं. पुढे काही दिवस तो बाहेर गेल्यावरच फ्लश करायचा, असं ठरवलं. मग एके दिवशी स्वतःच "बाय" म्हणून ओढला.

मेमध्ये छप्पन दुकानला, म्हणजे आमच्या खाऊगल्लीत, गेलो होतो. गर्दीत त्याने माझा कुर्ता ओढला. "आत्ता." आबा म्हणाले, "त्या झाडामागे ने की, लहान आहे." पुण्याच्या पाहुण्यांना हेच आबा सांगत असतात, की २०२१ मध्ये देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' (सांडपाणी शुद्ध करूनच सोडणारं) शहर आपलं झालं. "आबा, इथे नाही," मी म्हटलं. नवरा त्याला उचलून सार्वजनिक स्वच्छतागृहाकडे धावला. जागा स्वच्छ होती, पण ईशूने तसं भारतीय पद्धतीचं भांडं कधी बघितलंच नव्हतं. त्या भोकात पडेन म्हणून दोन्ही पाय वर घेतले. बाहेर आले तेव्हा नवऱ्याचा डावा बूट भिजलेला. तेव्हा सल्ला एवढाच, की घाई नसताना अशा जागा एकदा नुसत्या दाखवून आणा.

त्याच महिन्यात लग्नासाठी रेल्वेने पुण्याला जायचं होतं. रात्रीचा प्रवास. सासूबाई म्हणाल्या, "एका रात्रीने काही बिघडत नाही," म्हणून दिवेलागणीलाच डायपर घातला. त्याने निमूट घालून घेतला, आणि माझ्या कुशीत पहाटेपर्यंत हलला नाही. मलाही शांत झोप लागली, महिन्यातली पहिली. सकाळी पुण्याला उतरायच्या आत त्याने तो स्वतः काढून मला दिला.

शाळा १६ जूनला सुरू झाली. बॅगेत कपड्यांचे दोन जोड, नावाच्या चिठ्ठ्या शिवलेले. पहिल्या आठवड्यात तीन दिवस प्लास्टिकच्या पिशवीत ओली पँट घरी आली. चौथ्या दिवशी पँट कोरडी, पण फाटकातून बाहेर पडताक्षणी रस्त्यातच झाली. साडेतीन तास रोखून धरलेली. रात्री झोपताना म्हणाला, "शेम शेम नको." कुणीतरी त्याला म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. भांडायची तयारी करून गेले होते, पण तोंडून निघालं ते वेगळंच. फॉर्मवरची टिक खोटी होती, हेच आधी सांगितलं. त्याच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, "अर्ध्या फॉर्मवरची खोटीच असते हो." त्यांनी रोज साडेदहाला त्याला स्वतःबरोबर न्यायला सुरुवात केली, आणि तो शब्द वर्गात चालणार नाही असं मदतनीस बाईंना सांगितलं. आठवड्याभरात पिशवी रिकामी यायला लागली.

आता ऑगस्ट संपत आलाय. दिवसा चुकून कधीतरी, खेळात रंगला की. रात्री अजून डायपर लागतो, सकाळी तो चांगला जड असतो. शाळेतल्या दोघीतिघी आयांनी विचारलं, रात्री उठवून बसवत का नाही? कधीतरी बघू, म्हणाले.

रात्री नऊ वाजता तो पलंगावर उताणा पडतो, पाय आपोआप वर करतो, महिन्याचा असताना करायचा तसे, फक्त आता ते माझ्या खांद्यापर्यंत येतात. दोन चिकटपट्ट्या लागेपर्यंत तो छताकडे बघत दिवसभराचं काहीबाही सांगतो. दिवसा त्याला मी बाथरूममध्येही चालत नाही, "तू बाहेर थांब" असतं. पॅकमध्ये अजून बावीस आहेत. संपले की आणखी एक आणीन, मला घाई नाही.

सकाळी गाडी आली की कागदात गुंडाळलेली ती एकच पुडी घेऊन तो माझ्या आधी फाटकापाशी पोचतो. गाडीवरचा दादा हात पुढे करतो, त्याला देत नाही. टाचा उंच करतो, बरोबर त्याच कप्प्यात टाकतो आणि सांगतो, "ये मेरी है."